ड्रिलच्या टॅपेटवरचा मंत्री

सुरुवातीलाच माफी मागतो. आपापल्या धंद्याबद्दलच्या अशा अंकात लिहिणारी माणसं डॉक्टर, वकील, पोस्टमास्तर, निदान हेडमास्तर तरी असतात आणि त्यांच्या नोकरीला तीसेक वर्षं झालेली असतात. माझं वय बावीस. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात आहे आणि माझा धंदा म्हणजे गिरणीच्या भंगारातून हलत्या बाहुल्या बनवणं. तोही पाच वर्षांचा, त्यातली पहिली दोन नुसती पत्रा कापण्यात गेली. संपादकांना मी हे सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, लिही तर खरं, फार झालं तर छापणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर कोणी काही उमटवलं असेल तर ते अंगठ्यानं. तेव्हा चुकलं-माकलं सांभाळून घ्यावं.

आमची शेड चिंचपोकळीला, रेल्वेच्या कुंपणाला चिकटून आहे. शेड म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला कुंपण. मालक गोविंद परब, सगळ्यांचे परबमामा. ते माझे नात्यानं मामा नव्हेत. माझे वडील आणि ते एकाच गिरणीत, वडील मागावर आणि मामा मागखात्यात फिटर. गिरणीची पाळी सुटली की मामा शेडमध्ये येत. माझं कॉलेज माटुंग्याला. तिथून मी परस्पर शेडमध्ये येई. मामा मला नावानं कधीच हाक मारत नसत. ‘कॉलेज’ म्हणत. ‘कॉलेज, पक्कड दी.’ ‘कॉलेज, तुझ्या बुकात गंजाचा काय औषध दिलाहा?’

बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर असं. कुठलीही वस्तू गोल फिरवणं सोपं असतं. पण माणूस गोल फिरत नाही. तो मान हलवतो, हात पुढे करतो, मागे घेतो, मध्येच थांबतो. गोल फिरण्यातून हे अडखळत हलणं काढायचं, एवढीच आमची विद्या, आणि ती मागाला आमच्या आधीपासून येते. मागात टॅपेट नावाची एक लोखंडी चकती असते. ती पुरती गोल नसते, कुठे कुठे फुगलेली असते. ती फिरू लागली की फुगवट्यावर टेकलेला दांडा वर जातो, फुगवटा सरला की खाली येतो. गिरणीत त्या दांड्यामुळे ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि कापड विणलं जातं. आम्ही त्या दांड्याला हनुवटी बांधतो.

बाकी माल असाच. रॉकेलच्या डब्याचं धड, बॉबिनची बोटं, जुन्या पट्ट्याच्या चामड्याची वहाण, बाटलीच्या बुडाचा चष्मा. मोटर कुठल्याच मंडळाला परवडत नाही, म्हणून आमचे देखावे रेतीच्या गोणीवर चालतात. चाळीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला कप्पी लावायची, दोराला गोणी टांगायची. गोणी हळूहळू खाली येते तेवढा वेळ बाहुल्या हलतात. गोणी जमिनीला टेकली की दोघांनी दोर ओढून ती पुन्हा वर न्यायची, तेवढ्यात प्रेक्षक बदलतात. पूर्वी गोणी एकदम घसरायची आणि बाहुल्यांना झटके आल्यासारखं व्हायचं. दोराच्या रुळाला पत्र्याचा पंखा जोडला की हवेच्या अडवणुकीनं वेग सारखा राहतो, ही युक्ती मी पुस्तकात वाचून केली. धंद्याला माझी एवढीच देणगी. मामांनी ती आठवडाभर चालवून बघितली आणि मग ‘बरो हा’ म्हणाले.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. दादरच्या एका छत्रीवाल्याला दुकानावर उघडमीट करणारी छत्री हवी होती. वाऱ्याच्या भिरभिऱ्यावर आम्ही ती सुरेख चालवून दिली. पण दोरी सुती होती. पाऊस पडला की सुती दोरी आखडते, हे धोतर वाळत घालणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आम्हालाच सुचलं नाही. उन्हाळाभर छत्री दिमाखात उघडायची आणि सर आली की मिटून गप्प बसायची. छत्रीवाला म्हणाला की असली छत्री बघून लोक रेनकोट घ्यायला लागलेत.

एकदा डिलाईल रोडच्या चाळीतल्या मंडळींनी एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी फिरतं चक्र मागितलं. त्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती, त्यानंतरची पहिलीच जयंती, उत्साह मोठा. आम्ही चोवीस आऱ्यांचं चक्र करून ते साखळीनं ट्रकच्या चाकालाच जोडलं. ट्रक चालला की चक्र चाले. मिरवणूक निम्म्यावर आली आणि एका गल्लीत समोर पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरनं ट्रक मागे घ्यायला सुरुवात केली तसं चक्र उलटं फिरू लागलं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी काठी आपटून ट्रक थांबवला. म्हणाले, ‘आपलं चक्र आता मागं फिरायचं नाही. त्याला म्हणावं, तू घे मागं.’ टँकर पाऊण मैल मागे गेला. असं गिऱ्हाईक पुन्हा मिळालं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मुंबईसकट मराठी राज्य झालं आहे, त्यामुळे ती उघड लिहायला हरकत नसावी.

मामांच्या कारागिरीपेक्षा त्यांची कीर्ती मोठी होती ती वेगळ्याच कारणानं. शेडमधला सगळा माल आपण गिरणीतून पळवून आणला आहे, असं ते सांगत. पाळी सुटताना गेटवर प्रत्येकाची झडती होते. सुताची गुंडी सापडली तरी माणूस घरी बसतो. मामांची तर खोलीही गिरणीच्या चाळीतली. नोकरी गेली की खोली गेली. असं असूनही ते मागाचे धोटे पायांना बांधून धोतराखालून आणतात, बॉबिन छत्रीच्या घडीतून आणतात, आणि टॅपेट, जो दोन तुकड्यांचा असतो, तो सोमवारी अर्धा आणि मंगळवारी अर्धा असा जेवणाच्या डब्यातून, वर भात पसरून, हे आम्ही तोंड उघडं ठेवून ऐकत असू. ‘वॉचमन डबो उघडी, वास घेई आणि विचारी, आज कसला सुक्या? मी सांगी, बांगड्याचा.’ हे सांगताना मामा डोळे असे बारीक करत की मला गेट, वॉचमन, भाताची वाफ सगळं दिसे.

एक गोष्ट मला तेव्हा खटकली नाही. चळवळीच्या त्या वर्षांत चाळीत ज्याच्या-त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं. कुणी अश्रुधुरात सापडलेला, कुणी आर्थर रोडला महिनाभर आत जाऊन आलेला, कुणाच्या पोटरीवर लाठीचा वळ. मामा मोर्चाच्या दिवशी हिवतापानं अंथरुणावर होते. ते घडलेलं होतं, पण हिवतापाची गोष्ट कट्ट्यावर कोण ऐकणार?

राज्य होण्याच्या आदल्या वर्षी गणपतीत लालबागच्या एका मंडळानं आम्हाला देखावा सांगितला. दिल्लीचे मंत्री खुर्चीवर बसले आहेत, पुढ्यात ताटात एक मोठा मोदक, त्यावर ‘मुंबई’ असं लिहिलेलं. समोर गिरणी कामगार उभा. कामगार हात पुढे करतो, मंत्री नकारार्थी मान हलवतात. मंत्र्यांचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं मंडळाच्या सेक्रेटरींनी बजावलं. ते म्हणाले, टोपी तेवढी नीट करा, बाकीचं लोक बघतील.

सगळं छान जमलं. मानेचा टॅपेट बसवायचं काम मामांनी माझ्यावर टाकलं. पेटीत दोन टॅपेट होते, दोन्ही वंगणानं काळे. एक साध्या कापडाचा, त्याचे फुगवटे सारखे. दुसरा ड्रिलचा, म्हणजे खाकी चड्ड्यांना लागतं त्या जाड तिरप्या विणीच्या कापडाचा. मामांनी साधा घ्यायला सांगितलं होतं. माझ्या वडिलांनी डोळे मिटून नुसतं बोट फिरवून ओळखला असता. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर वीव्हरच्या मुलाला टॅपेट कळत नाही असं झालं असतं. मी कंपास काढला, मापं घेतली, वहीत आकृती काढली आणि अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीनं चुकीचा टॅपेट बसवला.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरती झाली, पडदा सरकला, गोणी सोडली. कामगारानं हात पुढे केला. मंत्र्यांनी मान हलवली, नाही. पुन्हा हलवली, नाही. ड्रिलच्या टॅपेटचा तिसरा फुगवटा जास्त उंच. दांडा नको तितका वर गेला, मानेच्या बिजागरीवर आदळला, आणि मंत्री खाली वाकून म्हणाले, हो. कामगाराचा हात मात्र दुसऱ्या चकतीवर होता. नेमका त्याच क्षणी त्यानं तो मागे घेतला.

मामा कानाशी येऊन हळूच म्हणाले, ‘मेल्या, ह्यो ड्रिलचो टॅपेट.’

मग नाही, नाही, हो, आणि हात मागे, असं पुन्हा एकदा झालं आणि मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, ‘अगदी असंच करतात ते.’ त्यानंतर जो हशा उसळला तो गोणी खाली येईपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी परळहून माणसं आली, तिसऱ्या दिवशी गिरगावातून. गर्दी ‘नाही, नाही’ म्हणून मंत्र्यांबरोबर ओरडे आणि ‘हो’ला कामगाराला शिव्या घाले की अरे, आत्ता घे ना. मी टॅपेट बदलतो म्हटलं तर सेक्रेटरींनी मला स्टेजपाशी फिरकू दिलं नाही. मामा तोपर्यंत लोकांना सांगू लागले होते की हे असं साधायला तीन महिने लागले.

पाचव्या दिवशी पोलीस आले. एक फौजदार, दोन हवालदार. मोठ्या माणसाचा अपमान होत असेल तर देखावा उतरवा, असा त्यांना हुकूम होता. फौजदार आपल्याकडचाच, तिशीचा, सभ्य माणूस. तो कमरेवर हात ठेवून आख्खी गोणी खाली येईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं सेक्रेटरींना विचारलं, ‘हे नक्की काय म्हणतायत? हो की नाही?’

सेक्रेटरी म्हणाले, ‘साहेब, दिल्लीचं आम्हाला खऱ्याचं कळत नाही, बाहुल्याचं काय सांगू?’

नकार दिला म्हणावं तर होकारही आहे, आणि होकार हा अपमान कसा धरायचा, यावर फौजदार आणि हवालदार यांची थोडी चर्चा झाली. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फौजदाराला कुतूहल होतं. त्यानं विचारलं, हे चालतं कसं, बनवलं कोणी?

मला वाटतं, मी या धंद्यात आल्यापासून कुणी साहेबानं हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी पुढे झालो. मागचा पडदा बाजूला केला, फरशीवर खडूनं आकृती काढली, गोणी, पंखा, दांडा, बिजागरी, सगळं समजावलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, प्रश्नही चांगले विचारत होता. मी त्याला हेही सांगितलं की साहेब, तुमच्या अंगावरचं कापड अशाच टॅपेटवर निघतं. त्यानं स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. मग त्यानं सहज विचारलं, ‘ही चीज मिळते कुठे?’

आणि मी सांगितलं. ‘गिरणीतून. परबमामांनी आणली. अर्धी सोमवारी, अर्धी मंगळवारी, डब्यात, वर भात पसरून.’

मी हे अभिमानानं सांगितलं, हे कबूल करायला हवं. वाक्य पूर्ण झालं तेव्हा हवालदाराची पेन्सिल चालू झाली होती. भोवती दीड-दोनशे माणसं उभी होती, त्यात मामांची सगळी चाळ. फौजदार मामांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की मामा नाही म्हणाले तर त्याला बरं वाटेल. त्यानं विचारलं, ‘खरं आहे का हे?’

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. एकवार चाळीतल्या माणसांकडे पाहिलं.

‘पोरगो शिकलेलो आसा, साहेब,’ ते म्हणाले. ‘तो खोटा कित्याक बोलात?’

पंचनामा झाला. त्यात मंत्र्यांचं वर्णन ‘रॉकेलचा डबा एक, धडासारखा’ असं आहे. मंत्री, मोदक आणि टॅपेट हातगाडीवर घालून चौकीत नेले. कामगाराला नेलं नाही, त्याच्याबद्दल हुकूम नव्हता. तो विसर्जनापर्यंत एकटाच रिकाम्या खुर्चीपुढे हात पुढे-मागे करत होता.

चार दिवसांनी गिरणीनं मामांना चार्जशीट दिलं. कंपनीच्या मालाची चोरी. चौकशी होईपर्यंत कामावरून बंद, आणि गुन्हा शाबीत झाला तर खोली पंधरा दिवसांत रिकामी करायची. बावीस वर्षांची नोकरी होती.

चाळीनं मामांना डोक्यावर घेतलं. ज्या कट्ट्यावर ते आजवर टोकाला बसत तिथे त्यांना मधली जागा मिळाली. गिरणीचं लोखंड गिरणीच्या नाकावर टिच्चून आणलं, असं लोक म्हणत. मामा बोलत काहीच नसत. चौकशीच्या पहिल्या दोन तारखांना ते गेले आणि तिथेही काही बोलले नाहीत. वडिलांनी त्यांना समजावलं की निदान भंगार म्हणून फेकलेलं उचललं असं तरी सांग. मामांनी नाही म्हणून मान हलवली. बघता बघता ते वाळून गेले.

मी त्यांच्या घरी गेलो. मामा नव्हते, मामी तांदूळ निवडत होत्या. मी दारातच उभा राहून म्हणालो की माझ्यामुळे तुमचं घर जातंय. मग मला रडू आलं. मामींनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘तू कित्याक रडतस? ह्येंनी सांगल्यानी ताच तू सांगलंस.’ आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. त्या रागावल्या होत्या हे दिसत होतं, पण तो राग माझ्या बाजूला येत नव्हता. तो कुठे चालला आहे हे मला कळलं नाही. मी स्वतःच्या अपराधात इतका बुडालो होतो की विचारलंही नाही.

दिवाळीची सुट्टी लागताच वडिलांनी मला राजापूरकडे गावी पाठवून दिलं. कारण भातकापणीचं सांगितलं. खरं कारण असं की मी चौकशीच्या साहेबाला भेटून ‘सत्य परिस्थिती’ सांगणार असं घरात बोललो होतो, आणि माझ्या सत्याची त्यांना धास्ती बसली होती. गावात टपाल आठवड्यातून दोनदा येई. मी दर वेळी बांधावर जाऊन उभा राही. तीन आठवडे काही आलं नाही. विळा चालवताना मी हिशेब करी की आज पंधरा दिवसांची मुदत लागली असेल, आज मामी भांडी बांधत असतील. एकदा स्वप्नात मामा हातगाडीवर खुर्ची टाकून बसलेले दिसले.

चौथ्या आठवड्यात वडिलांचं पत्र आलं. अक्षर शेजारच्या मास्तरांचं, बोलणं वडिलांचं. ते तसंच्या तसं माझ्याजवळ आहे, महत्त्वाचं तेवढं इथे देतो.

‘चौकशीच्या तिसऱ्या तारखेला परबची बायको कुणाला न सांगता शिवडीला गेली आणि तिथल्या भंगारवाल्या शेठला टॅक्सीत घालून थेट चौकशीच्या खोलीत घेऊन आली. शेठ साहेबासमोर म्हणाला, ये आदमी चोर है? ये तो एक बोल्ट के लिए मेरे साथ आधा घंटा झिकझिक करता है. म्हणाला, बारा वर्षं सगळा माल माझ्याकडून नेतो आहे. मग चौकीतून टॅपेट आणवला आणि घासून बघितला. त्यावर आपल्या गिरणीचा शिक्का नाहीच, बंद पडलेल्या दुसऱ्या गिरणीचा आहे. साहेबानं परबला विचारलं की मग आजवर बोलला का नाहीस. परबनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. वॉचमनलाही बोलावलं होतं. तो म्हणाला, ह्या माणसाच्या डब्यात बावीस वर्षांत जेवणाखेरीज काही मिळालं नाही, आणि जेवणही मोजकंच.

‘परब निर्दोष सुटला. सोमवारपासून कामावर आहे, खोली राहिली. काळजी करू नये. बायको खूष आहे, तिनं चाळीत पेढे वाटले. परब मात्र कट्ट्यावर येत नाही. पाळी सुटली की मान खाली घालून शेडमध्ये जातो. माणसं भेटली की त्याला म्हणतात, काय परब, आज डब्यात काय. मी काल जाऊन भेटलो. तुझ्यासाठी काही निरोप आहे का विचारलं, तर आधी हातातला बोल्ट घट्ट केला. मग म्हणाला, कॉलेजला लिहा, तू पोलिसांना सांगितलंस तेच बरं होतं.’